ओठांवरचा उजेड

गारखेड्यात आणि सिडकोत मला लोक ‘शिडीवाली ताई’ म्हणायचे. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मुलगी मी एकटीच होते. सुरुवातीला मोटारी बांधल्या, पंप दुरुस्त केले, नव्या घरांचं वायरिंग केलं. शेवटची कितीतरी वर्षं मात्र एकच काम करत राहिले: लोकांच्या छतात दिवे लपवायचे.

ज्यांनी हे काम जवळून बघितलं नाही, त्यांना सांगते. खऱ्या स्लॅबच्या खाली वीतभर जागा सोडून पीओपीचं नाहीतर जिप्समचं दुसरं छत टांगतात. मधल्या पोकळीतून वायरी फिरवायच्या. ठरलेल्या जागी कटरनं गोल भोक पाडायचं, दिव्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा वर दाबून धरायच्या आणि तो आत सारायचा. खट्‌ असा आवाज येतो आणि दिवा बसतो. खालून फक्त त्याचं गोल तोंड दिसतं, बाकी सगळं पोटात. बाजारात याला ‘कन्सील लाइट’ म्हणतात.

बसवणं अवघड नाही, अवघड आहे ते कुठं बसवायचा हे ठरवणं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, “हॉलमध्ये किती लाइट बसतील?” मी उलट विचारायचे, “तुम्ही बसता कुठं?” लोकांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटायचा. उस्मानपुऱ्यात एक निवृत्त साहेब होते. त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर दिवा पाहिजे, म्हणजे आलेल्या माणसाचं लक्ष आधी त्यांच्याकडं जाईल, असा त्यांचा हट्ट होता. लावून दिला. साहेब ऐटीत खाली बसले. बाईंनी आतून येऊन बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, चौकीत जबाब द्यायला बसवलंय असं वाटतंय.” टक्कल चमकत होतं आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पडले होते. डोक्यावरचा दिवा माणसाला असंच करतो. कपाळ उजळतं, आणि भुवया, नाक, मिशा आपापली सावली खाली सोडतात. दिवा तिथून काढताना साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या सावलीत एखादं सबंध माणूस हरवू शकतं, हे मला धुरपताबाईंच्या घरात कळलं.

अंकुशचा फोन आला तेव्हा मी जाधववाडीत काम करत होते. त्याच्या एका दोस्ताकडं मी इन्व्हर्टर बसवला होता, तेवढीच ओळख. अंकुश शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. मूळचा करमाडच्या बाजूचा, धनगराच्या घरातला. वडील जाईपर्यंत घरात मेंढरं होती. त्यानं गारखेड्यात रो-हाउस घेतलं होतं आणि आईला गावाकडून आणलं होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, “ताई, मायनं लाइट फोडला.”

“बरं. झाडताना लागला असंल.”

“नाही ताई. काठीनं. मुद्दाम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. घर बिल्डरकडून छतासकट तयार मिळालेलं होतं. हॉलमध्ये छताला ओळीनं दिवे, बरोबर सोफ्याच्या आणि खुर्च्यांच्या वर, एखाद्या शोरूममध्ये असतात तसे. सोफ्याच्या एका कोपऱ्यावरचा दिवा फुटलेला, भोवतीचा पीओपीचा पापुद्राही उडालेला. अंकुश ड्यूटीवर गेला होता. त्याची बायको वैशाली मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगायला लागली.

“आत्याबाईंचं काहीतरी बिघडलंय, ताई.” आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत आहे. “दिवसभर एकदम नीट असतात. माझ्यापेक्षा सगळं ध्यानात ठेवतात. पण संध्याकाळी लाइट लागले की काहीच्या काही करतात. भात वाढा म्हटलं तर पाट आणून ठेवला. परवा म्हटलं, माझे मामा आलेत. तर मला म्हणाल्या, बाबा कुठून येतील, त्ये तर कवाच वारले. हे घाबरून गेले. मेलेली माणसं दिसायला लागली म्हणजे काय समजायचं?”

“दवाखान्यात दाखवलं का?”

“दाखवलं. म्हातारपणी डोक्याचा आजार असला की संध्याकाळी जास्त होतं म्हणाले. तपासण्या सांगितल्यात. कानांचं विचारलं होतं, पण ऐकायला थोडंसंच कमी येतं, आवाज दिला की ओ देतात. आता परवा लाइट फोडल्यावर ह्यांनी काठी काढून घेतली. तपासण्या झाल्या की त्यांना गावाकडं चुलतभावाजवळ ठेवायचं म्हणतात. मी दिवसभर शाळेत शिकवायला, पोरगी लहान. गॅस चालू राहिला, काही झालं तर?” बोलता बोलता तिनं पदरानं डोळे पुसले. “मला नाही पाठवायचं त्यांना. पण भीती वाटते.”

मी हॉलमध्ये आले. धुरपताबाई खिडकीकडं पाठ करून खुर्चीवर बसल्या होत्या. उंच, काटक बाई, गर्द हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. त्यांच्या डोळ्यांसारखे डोळे मी कुणाचे बघितलेले नाहीत. आपण बोलत असताना त्या आपल्याकडं अशा बघायच्या की आपण काहीतरी फार मोलाचं सांगतोय असं वाटावं.

“तूच का लाइटवाली?” त्यांनी विचारलं. “बाईमानूस शिडीवर चढतंय म्हनं. लई भारी.”

मी म्हणाले, “मावशी, लाइटनं काय वाकडं केलं तुमचं?”

“केलं असंल कायतरी,” त्या हसून म्हणाल्या.

शिडीवर चढून मी नवा दिवा बसवला, आणि तो नीट पडतो का बघायला खिडकीचा जाड पडदा ओढून हॉल अंधारा केला. सगळे दिवे लावले. खाली उतरून त्या दिव्याखाली उभी राहिले आणि विचारलं, “मावशी, डोळ्यात जातो का हो?”

“घेतला की. मघाच घेतला चहा.”

मला वाटलं नीट ऐकलं नसेल. तेच पुन्हा विचारलं. त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मी पडदा बाजूला केला. खिडकीतला उजेड माझ्या तोंडावर आला. आवाज मुद्दाम आणखी खाली आणून मी तिसऱ्यांदा तेच विचारलं.

“नाय, डोळ्यात नाय जात,” त्या लगेच म्हणाल्या.

मग मी एक केलं. त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि सामान आवरता आवरता चांगल्या मोठ्यानं म्हणाले, “मावशी, तुमच्या पायाजवळ विंचू आहे.”

काही हालचाल नाही. मी वळले. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

“पाठ फिरवून काय बोललीस?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “इंचू असता तर तुझ्या आधी म्या बघितला असता.”

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. “किती दिवस झाले, मावशी?”

“दिवस नाय, वरीस म्हन. मालक व्हते तवापसून. आधी पाखरं गेली. मंग मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या. मंग मानसं.”

“आणि घरात कुणालाच माहीत नाही?”

“थोडं कमी येतं, येवढं ठावं हाय. आजून काय सांगायचं? मेंढरं कुठं बोलत्यात? त्येंच्याकडं बघूनच कळतंय, कोन दुखायलंय, कोन पळनार. मानूसबी तसंच. व्हटाकडं बघायचं, डोळ्याकडं बघायचं. बाकीचं मनानं जुळवायचं.”

मग मला सगळं उलगडत गेलं. भात, पाट, माठ. मामा, बाबा, पापा. आरशासमोर उभं राहून आवाज न करता म्हणून बघा, ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. ही बाई वर्षानुवर्षं तेवढ्यावरून अख्खं बोलणं जुळवत आली होती. पुतण्याच्या लग्नाची बोलणी, बाजारातला भाव, नवऱ्याचं शेवटचं दुखणं, सगळं. फोनवर बोलायचं टाळायची, कानाला गरम लागतं म्हणून. दाराकडं तोंड करून बसायची, म्हणजे येणारा आधी दिसेल. दिवसा खिडकीकडं पाठ, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. गावाकडच्या पत्र्याच्या घरात ट्यूबलाइट भिंतीवर होती, तिचा उजेड समोरून यायचा. तिथं तिचं काही अडलं नाही. या घरात संध्याकाळ झाली की घरातली सगळी तोंडं काळी पडायची.

“म्हणून फोडला?”

“अंकुस तिथं बसतो,” त्यांनी सोफ्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. “कंपनीतून आला की म्होरं बसून बोलतो. दिसभराचं समदं सांगतो मला, ल्हानपनापसून सवय हाय त्याला. अन् त्यो दिवा बरूबर त्याच्या डोक्यावर. मिशीखाली समदा अंधार. मव्हं लेकरू रोज मला कायतरी सांगायलंय, अन् मला त्याचं तोंडच दिसंना.” त्यांचे डोळे भरून आले. “राग आला गं माय. लई राग आला.”

“मावशी, सांगून टाका त्याला. तो तुम्हाला गावाकडं ठेवायचं म्हणतोय.”

“ठावं हाय. बघितलंय म्या त्येंला बोलताना.” त्यांनी माझा हात धरला. “पन तू सांगू नको. मव्ही सासू बहिरी व्हती. पैल्यांदा लोक वरडाया लागले. वरडून कुनी गोड बोलत नाय, बाई. भाकर खा, सरक तिकडं, येवढंच वरडून बोलत्यात. मंग तेबी सोडलं. घरात मानसं भरल्याली, अन् तिच्यासंगं कुनी बोलंना. मला तसं नाय जगायचं.”

मी म्हणाले, “मी नाही सांगणार. पण सांगायचं तुम्हालाच आहे.”

“बघू,” त्या म्हणाल्या. “आधी उजीड तर कर.”

संध्याकाळी मी अंकुशला फोन केला. म्हणाले, त्याच जागी दिवा ठेवला तर पुन्हा फुटेल, तुमच्या छतातल्या दिव्यांच्या जागाच बदलू. तो दमलेला होता. “ताई, काय करायचं ते करा. पण माय घरात आहे तोवर तिला त्रास होऊ देऊ नका.” मला त्याचा आवाज अजून आठवतो. आईला पाठवायला निघालेल्या माणसाचा आवाज असा नसतो.

घरी आल्यावर चेहऱ्यावर उजेड कसा आणायचा याचाच विचार करत बसले. समोरून झगझगीत दिवा सोडला तर बोलणारा डोळे मिचकावणार. खाली लावला तर माणूस भुतासारखं दिसणार. विचार करता करता फर्दापूरची एक दुपार आठवली. तिथल्या एका हॉटेलचं काम चालू असताना सुट्टी बघून मी अजिंठ्याला गेले होते. एका लेण्यात आत काळोख होता आणि भिंतीवर काही धड दिसत नव्हतं. बाहेर उन्हात एक म्हातारा माणूस पत्र्याची चकचकीत फळी घेऊन उभा होता. त्यानं ऊन आत फेकलं. चित्रावर नाही, आतल्या जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर. कापडावरून तो उजेड हळूच उठला आणि भिंतीवर चढला, आणि अंधारातून एकेक चेहरा पुढं आला. डोळे, हनुवटी, ओठांची कड. मी तोंडाला हात लावून उभी होते. ऊन तेच होतं, पण एकदा आपटून मऊ होऊन आलं होतं.

तेच करायचं ठरवलं. दिवे माणसांच्या डोक्यावरून काढून भिंतीलगत न्यायचे, तोंडं भिंतीकडं तिरपी करायची. उजेड भिंतीवर पडेल आणि तिथून परत फिरून समोरच्या माणसाच्या तोंडावर येईल.

दुसऱ्या फेरीला मी सलीमभाईंना घेऊन गेले. सलीमभाई म्हणजे आमच्याकडचे पीओपीचे कारागीर, माझ्यासोबत कितीतरी घरांची छतं त्यांनी सांधली आहेत. दाढी छातीपर्यंत, बोलणं कायम वैतागल्यासारखं आणि मन लोण्याचं. छत बघून ते म्हणाले, “ताई, अच्छे-खासे छत में और छेद कायको?”

“पुराने छेद तुम बंद करनेवाले, सलीमभाई.”

“वो तो मेरेकू मालूम था.”

नवी भोकं पाडण्याआधी मी दिवे हातात धरून बघायचं ठरवलं. वैशाली शाळेत गेली होती. पडदे ओढले. सलीमभाईंना सोफ्यावर अंकुशच्या जागी बसवलं, धुरपताबाई समोर आपल्या खुर्चीत. मी शिडीवर, हातात लांब वायरीला जोडलेला दिवा. सलीमभाईंना म्हणाले, “तुम कुछ भी बोलते रहो. मावशीको देखना है, आँख में चुभता क्या.”

सलीमभाई बोलायला लागले. जुन्या जागी दिवा धरला तेव्हा धुरपताबाई गप्प. भिंतीलगत नेला, तरी दाढी काळीच. थोडा आणखी सरकवून भिंतीवरचा उजेडाचा ठसा मोठा केला, तेव्हा त्या पुढं झुकल्या. सलीमभाई पुटपुटत होते, घरी पाहुणे येणार आहेत, मटण आणायचं राहिलंय.

“मटन कुनाचं आनायचं ऱ्हायलं?” धुरपताबाई म्हणाल्या.

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. “ताई, मैं तो मुँह के अंदरच बोल रहा था.”

मी दिवा तसाच धरून ठेवला. त्यांनी एकवार धुरपताबाईंकडं बघितलं, एकवार माझ्याकडं, आणि त्यांना समजलं. त्यानंतर त्या माणसानं जे केलं त्यासाठी मी त्यांना जन्मभर सलाम करीन. त्यांनी आवाज पूर्ण बंद केला. फक्त ओठ हलवत, त्या दाढीतून, ते बोलत राहिले. आणि धुरपताबाई उत्तरं देत, उलट विचारत राहिल्या. “तुमाला पोरी किती?” “थोरली कुठं दिली?” बंद पडद्याच्या त्या हॉलमध्ये मी हातात दिवा धरून उभी होते, आणि एका बाजूला पूर्ण शांतता, दुसऱ्या बाजूला बोलणं. माझा हात भरून आला तरी दिवा हलवायची हिंमत झाली नाही. धंद्यातल्या सगळ्या आयुष्यात मी कधी असं काही बघितलं नव्हतं.

मग आम्ही रंग निवडले. दिव्यांचा उजेड पिवळट, मधला आणि पांढरा असा मिळतो. पिवळटमध्ये घर छान दिसतं, पण ओठ आणि गाल एकच होऊन जातात. पांढऱ्यात माणूस आजारी दिसतं. मधला धरला तेव्हा धुरपताबाईंनी मान डोलावली. त्यातही एक गोष्ट असते. हलक्या प्रतीच्या दिव्याखाली लाल रंग मरतो. लाल साडी विटकरी दिसते ती त्यामुळंच. आणि ओठ लाल असतात. मी दोन दिवे पाळीपाळीनं लावले, दोन्ही दिसायला सारखेच. त्यांनी क्षणात चांगला ओळखला. “ह्यात तोंड जितं दिसतंय,” त्या म्हणाल्या. दिव्याचा आतला डोळा त्यांना खुपू नये म्हणून खोलात बसणारे घेतले, खालून नुसती काळी कड दिसेल असे. प्रत्येक जागा त्यांनी पसंत केली, मग मी पेन्सिलीनं खूण केली.

काम झालं. सलीमभाईंनी जुनी भोकं अशी बुजवली की हात फिरवूनही कळेना. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला मी थांबले. अंकुश कंपनीतून आला. वैशाली होती, त्यांची मुलगी ईश्वरी गृहपाठ घेऊन बसली होती. मी बटण दाबलं. झगमगाट असा काही झाला नाही. भिंती उजळल्या, आणि मग सगळ्यांची तोंडं. खोली सकाळच्या ओसरीसारखी दिसायला लागली.

“कमी वाटतोय का उजेड?” अंकुशनं विचारलं.

“बसा तर खरं,” मी म्हणाले.

तो आपल्या कोपऱ्यात बसला. मी धुरपताबाईंकडं बघितलं. त्या त्याच्याकडं बघत होत्या, आणि कितीतरी दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडं बघावं तशा बघत होत्या. मग अंकुश बायकोकडं जरासा झुकला आणि अगदी श्वासाएवढ्या आवाजात काहीतरी म्हणाला. मी जवळ होते, मला शब्द कळले नाहीत.

“गावाकडं नगं नेऊ,” धुरपताबाई समोरून म्हणाल्या. “सोमवारी नगं, कवाच नगं. मी हितंच ऱ्हानार हाय तुमच्यात.”

अंकुश उभा राहिला. “माय, तुला ऐकू आलं?”

लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत गच्च धरला. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील आणि सुटतील. इतकी वर्षं त्या तशाच सुटत आल्या होत्या.

“आईकलं नाय, बाबा,” त्या म्हणाल्या. “बघितलं.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाखरांपासून. वैशालीला भात आणि पाट आठवला असणार, कारण ती तोंडावर हात दाबून रडायला लागली. अंकुश आईच्या समोर जमिनीवर येऊन बसला. त्यानं तोंड वर केलं, भिंतीवरून येणारा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. तो बोलला, पण आवाज नव्हता. नुसते ओठ हलले, मिशीखालचे, आणि बराच वेळ हलत राहिले. आम्हाला कुणालाही काही कळलं नाही.

धुरपताबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “नाय रे,” त्या म्हणाल्या. “तुझ्यावर काहून रागवू?”

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी ते गावाकडं नाही, कानांच्या दवाखान्यात गेले. दोन्ही कान जवळपास गेलेले निघाले. इतक्या कमी ऐकण्यावर ही बाई अशी कशी बोलते, याचं तिथल्या डॉक्टर बाईंनाही नवल वाटलं. ऐकायचं मशीन मिळालं. लग्नकार्यात, बाजारात त्या ते लावतात. घरी आल्या की काढून ठेवतात, कानात खडखड होते म्हणतात. काठी त्यांना परत मिळाली. गावाकडं पाठवायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

कुणी बोलावल्याशिवायही मी त्यांच्याकडं जाऊ लागले. मागच्या उन्हाळ्यात अशीच एका संध्याकाळी गेले. दार लोटलेलं होतं. हॉलमध्ये काही आवाज नव्हता म्हणून मला वाटलं घरात कुणी नाही. आत बघते तर ईश्वरी सोफ्यावर मांडी घालून बसलेली, आजी समोर. पोरगी आवाज न करता काहीतरी सांगत होती, हातवारे करून, डोळे मोठे करून. धुरपताबाई लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली, “शाळेतल्या बाईंची नक्कल चाललीय. रोजचंच आहे. आम्हाला काही कळू देत नाहीत.”

ईश्वरी खेळायला गेल्यावर मी तिच्या जागी बसले. धुरपताबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. “तुझं कायतरी दुखायलंय,” त्या म्हणाल्या. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, “आवाज काढू नगं. नुस्तं सांग. मंग सांगाया सोपं जातं.”

मला हसू आलं. पण मग मी सांगायला लागले, ओठांनीच. जे मी घरी मुलाला सांगितलं नव्हतं, सलीमभाईंना सांगितलं नव्हतं. शिडीवर चढलं की आता माझे पाय कापतात. महिन्यापूर्वी वरच्या पायरीवर घेरी आली आणि छताला धरून मी उभी राहिले. शिडी सुटली तर मी कोण, हे मला कळत नाही. लोक मला त्याच नावानं ओळखतात. एवढं मोठं बोलणं मी आयुष्यात कुणाशी आवाज काढून केलं नव्हतं. सांगताना माझे डोळे वाहत होते आणि त्या माझ्या तोंडावरून नजर हलवत नव्हत्या. एक शब्द त्यांनी सोडला नाही. मला ते कळत होतं.

मी थांबले. त्या म्हणाल्या, “ह्या घरातला उजीड तू शिडीवरून केलास का?”

मी ओठांनीच म्हणाले, शिडीवरूनच की.

“नाय,” त्या म्हणाल्या. “शिडीवर चढायच्या आधी हितं माझ्याम्होरं जमिनीवर बसलीस. तवाच केलास. दिवे काय, कुनीबी टांगील. तू खाली बसून लोकाला इचारत जा.”

त्यानंतर मी शिडीवर चढले नाही. आता एक तरुण बाई वर चढते, सलीमभाईंचा पुतण्या छत सांधतो. मी खाली खुर्ची घेऊन बसते आणि घरातल्या माणसांना एकेक करून माझ्या समोर बसवते.